न लावलेली कडी

वर्गातली पोरं ज्याला मास्तर म्हणत, तो न्हाणीघराची कडी न लावता अंघोळ करी, म्हणून वसतिगृहात सगळे त्याची टर उडवत. बाहेर त्याचा दोस्त जाड्या खांद्यावर टॉवेल टाकून बेसूर गात उभा असे. आतून "पुरे, कान किटले!" अशी हाक आली की समजायचं, गडी धड आहे.

मास्तरला फिट येत असे. दोन वर्षांपूर्वी पहिली आली ती जाड्यासमोर. "पोटात ठेव," मास्तर म्हणाला होता, "प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देणार नाहीत. आईलाही नको."

जाड्याच्या पोटात जागा भरपूर. पण आजवर त्याच्यावर कुणी कसला भरवसा टाकलाच नव्हता. त्यानं ते गुपित जिवापाड जपलं.

परीक्षेच्या आठवड्यात मास्तरनं रात्री जागवल्या, चोरून घेत असलेल्या फिटच्या गोळ्या चुकवल्या. प्रयोगशाळेत मॅडमनी सगळ्यांना विचारलं, "कुणाला चक्कर, ताप? आज ॲसिड उकळायचंय, आत्ताच सांगा."

जाड्यानं मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं डोळ्यांनीच दटावलं. जाड्या गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

थोड्याच वेळात मास्तर कोसळला. काचेचं भांडं अंगावर आलं. जाड्यानं त्याला ओढत नळाखाली धरलं, पण एक डोळा गेला तो गेलाच.

दवाखान्यात मास्तरची आई जाड्याला म्हणाली, "पाय घसरला म्हणतो. खरंच का रे?"

डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मास्तरनं चाचपडत जाड्याचा हात धरला. "सांग ना रे. घसरलोच ना?"

जाड्याला रडू फुटलं. "नाही काकू. त्याला फिट येते. मला दोन वर्षं ठाऊक आहे."

"दोन वर्षं? आणि तोंड आज उघडतोस?"

तिचं काय चुकलं? मास्तरनं मात्र हात सोडवून घेतला.

महिन्याभरानं मायलेक सामान न्यायला आले. आई खोलीत कपडे भरत होती. मास्तर न्हाणीघरात गेला आणि त्यानं आतून कडी लावली.

जाड्या सवयीनं दाराशी जाऊन उभा राहिला. गाऊ लागला. एक गाणं संपलं, त्यानं दुसरं घेतलं, आणखी मोठ्यानं. आत नळ वाहत होता. पुरे म्हणून कुणी ओरडेना.