लोर्नाच्या तीन खिडक्या

लोर्ना माझी धाकटी बहीण. लहानपणापासून तिला हवं ते तिला मिळालं आणि मला हवं तेही तिलाच. आता तर आकाशातली उडती तबकडीसुद्धा!

गेल्या सप्टेंबरात संध्याकाळी आम्ही माझ्या परसात हिरव्या मिरच्या भाजत होतो. जाळीचं पिंप मी फिरवतेय आणि बाईसाहेब नुसत्या उभ्या. मिरच्यांच्या धुराने दोघींच्या डोळ्यांना धारा लागलेल्या. तेवढ्यात डोंगरावर शुक्राची चांदणी आली आणि लोर्ना किंचाळली, "व्हर्ना, तबकडी! तीन खिडक्या आहेत बघ!"

"आधी डोळे पूस," मी म्हणाले. "पाणावल्या डोळ्यांना एकाचे तीन दिसतात."

पण तबकड्यांच्या वेडाने झपाटलेल्या आमच्या न्यू मेक्सिकोत तबकडी म्हटल्यावर डोळे पुसतंय कोण? हिवाळाभर ती चर्चच्या जेवणात तेच सांगायची. माझ्या घरी माझ्याच हातचा मिरचीचा रस्सा ओरपतानाही तेच. माझा नवरा क्लाइड माझं एक वाक्य धड ऐकत नाही, पण तिच्यासमोर आ वासून बसायचा. गावच्या तबकडी-उत्सवात जुलैमध्ये निघणाऱ्या मिरवणुकीत उघड्या मोटारीचा मानही तिलाच मिळणार होता. माझा जळफळाट झाला. का नाही होणार?

त्यासाठी फक्त दुसऱ्या साक्षीदाराचा दुजोरा हवा होता, आणि ती साक्षीदार मी. मनात म्हटलं, आता बरी सापडलीस! थापा मारणं तिचं काम, मी खरं तेच सांगणार.

उत्सवाच्या समितीकडून चौकशीला आलेल्या हॅडलींनी आधी लोर्नाकडून तबकडीचं चित्र काढून घेतलं, मग तिला बाहेर बसवलं आणि माझ्यापुढे कागद ठेवला. "डोळे मिटा. दिसेल तेच काढा."

मी डोळे मिटले. धूर दिसला, डोंगर दिसला. चांदणी काही सापडेना. तिच्या जागी लांबट, चंदेरी काहीतरी होतं आणि त्याला तीन खिडक्या होत्या. पुन्हा डोळे मिटले, तरी तेच. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून खिडक्या काढल्या.

"दोन्ही चित्रं एकाच हातची वाटतात!" हॅडली खूश झाले.

लोर्ना धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "दिसली होती ना तुला? मग इतके दिवस कबूल का नाही केलंस गं? जळकुटी कुठली!"

क्लाइड म्हणाला, "मोटारीत व्हर्नालाही बसवू या. मागच्या सीटवर."

धाकटीचे उतरलेले कपडे मोठीला कधी होत नाहीत. ही आठवण मात्र मला अगदी मापात बसली होती.