घंटेच्या आत

घरात माणसं तीन. त्यांतल्या एकाचंच तोंड दिवसभर चालायचं, पण हाक मारायला मात्र ते उघडायचं नाही. हाकेसाठी घंटा होती. एक टोला म्हणजे चहा, दोन टोले म्हणजे पाणी, आणि टोल्यांवर टोले पडले की समजावं, चष्मा सापडत नाहीये. चष्मा बहुतेक वेळा कपाळावरच असायचा.

हे सुनेचे सासरे, निवृत्त कप्तान. घंटा त्यांच्या जहाजाची, पितळेची, चांगली घागरीएवढी, दिवाणखान्यात त्यांच्या खुर्चीशेजारी लाकडी चौकटीला टांगलेली. सासूबाई होत्या तोवर त्या धावायच्या. त्या गेल्या आणि टोले सुनेच्या वाट्याला आले. ती सकाळभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून जगाची कटकट ऐकायची, घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच ठण्ण! "अहो, बाबांना सांगा ना, हाक मारत जा म्हणून," असं तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं, सवय आहे त्यांची." बापासमोर मान डोलवायलाच जन्माला आला होता हा गृहस्थ.

जहाज म्हणजे विनाशिका, शत्रूची जहाजं बुडवणाऱ्या जातीची युद्धनौका. नावातच केवढा दरारा! मोठ्या दोस्त राष्ट्राने ती बांधली, लढाईत वापरली आणि जुनी झाल्यावर इकडच्या आरमाराला दिली. थोरल्याला आखूड झालेले कपडे धाकट्याला घालावेत आणि वर उपकार म्हणून मिरवावं, तसला प्रकार. इकडे नांदायला आली तेव्हा तिचं अर्धं आयुष्य सरलं होतं. जुनं नाव खरवडलं, नवं रंगवलं, बँड वाजला, भाषणं झाली.

पाहुणा आला की कप्तानसाहेब तिचा इतिहास लावायचे. वादळात कशी उभी राहिली, शत्रूची कशी पाचावर धारण बसवली. शत्रू म्हणे! खरं काय ते नवऱ्यानेच सुनेला सांगितलं होतं, अर्थात बाप घरात नसताना. बंदरातले हमाल त्या विनाशिकेला 'धक्क्यावरची म्हैस' म्हणायचे, कारण ती कायम बांधलेली. एकदा सुटली, तर एका मासेमारी होडीमागे लागली आणि गाळात रुतून बसली. शेवटी होडीवाल्यांनीच दोर टाकला. पुढे ती मोडीत निघाली, तेव्हा साहेबांनी घंटा घरी आणली आणि तिच्यावर बाहेरून स्वतःचं नाव कोरून घेतलं, चांगलं ठसठशीत.

दर रविवारी घंटा घासायची सुनेने. "चकाकली पाहिजे," एवढाच हुकूम. बाहेरून चकाकली की साहेब खूश. पण अर्धवट काम सुनेच्या रक्तात नव्हतं. ती आतही हात घालायची, आणि आत बोटांना अक्षरं लागायची. परक्या लिपीतली, ओबडधोबड, ओळीखाली ओळ. एकदा तिने सासऱ्यांना सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "आधी चहा."

अशाच एका रविवारी, घासायचं फडकं हातात असतानाच तिने दार उघडलं. दारात काठी टेकत आलेला एक परदेशी म्हातारा आणि त्याला धरून त्याची नात. नात इकडेच नोकरीला होती, त्यामुळे भाषा बऱ्यापैकी बोलायची. म्हातारा त्याच विनाशिकेवरचा, तिच्या पहिल्या आरमारातला तोफची. आरमाराच्या कचेरीत विचारत विचारत घंटेचा माग काढून आले होते.

साहेब खुलले. आयता श्रोता! इतिहास सुरू झाला. म्हातारा ऐकतच नव्हता, त्याचे डोळे घंटेवर होते.

नात म्हणाली, "आजोबांचा धाकटा भाऊ ह्याच जहाजावर होता. लढाईत गेला. समुद्रातच सोडावं लागलं त्याला, थडगंसुद्धा नाही. जहाज तुम्हाला द्यायचं ठरलं, तेव्हा खलाशांनी गेलेल्या सगळ्यांची नावं घंटेत कोरली. बाहेर कोरली तर नवे मालक घासून टाकतील, म्हणून आत. आजोबांना एकदा त्या नावावर हात ठेवायचाय. डॉक्टर प्रवासाला नको म्हणत होते, तरी आलेत."

"आत?" साहेब हसले. "आत काही नाही. इतकी वर्षं माझ्या हाताशी आहे, मला कळलं नसतं? कोणीतरी थाप मारलीय त्यांना."

नातीने हळू आवाजात ते आजोबांना सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि उठायला काठी शोधू लागला. भांडला नाही की काही नाही. अरे देवा, हा माणूस असाच परत जाणार! सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, कधी वाकून बघितलंत आत?" ती म्हणाली. "वाजवण्यापलीकडे काय केलंत तिचं?" आणि नातीला म्हणाली, "नावं आहेत. मी दर रविवारी घासते ती. आणा त्यांना इकडे."

तिने आतला लोलक बाजूला धरला. म्हाताऱ्याचा हात आत गेला. बोटं एकेक ओळ उतरत गेली आणि तो एकेक नाव घेत गेला, गावची माणसं भेटल्यासारखा. मग बोट थांबलं. ते नाव त्याच्या तोंडून निघालंच नाही. घंटेला कपाळ टेकून तो रडला, मोठ्याने, कसलीही लाज न धरता. सुनेच्या नवऱ्याने हातातला पेपर खाली ठेवला.

आणि साहेब म्हणाले, "मी रोज सकाळी मनातल्या मनात सलाम करतो ह्यांना." आता बोला! घटकेपूर्वी आत काहीच नव्हतं. कोडगेपणाला औषध नाही.

नातीने भीत भीत विचारलं, "घंटा देता का आम्हाला? तिकडे स्मारकात लावू. बाकीच्यांचीही घरची माणसं आहेत."

"छे! दोस्तीखातर सगळ्या सामानासकट मिळालं होतं जहाज. दिलेली वस्तू कोणी परत मागतं का?"

"आरमाराला मिळालं होतं, बाबा," सून म्हणाली. "आपल्या दिवाणखान्याला नाही." तिने घंटा हुकावरून काढली आणि जुन्या चादरीत गुंडाळली. जड होती. "बघत काय बसलात, धरा एका बाजूने," ती नवऱ्याला म्हणाली. आणि काय आश्चर्य, त्याने धरली.

"मी नाही म्हणतोय!" साहेब गरजले.

"मग घंटा वाजवा," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पोस्टातून आली. घर शांत होतं. तिने चहा ठेवला. दिवाणखान्यात कपावर चमचा वाजला. तिने लक्ष दिलं नाही. टाळी वाजली. मग खाकरणं झालं. शेवटी आवाज आला, "अगं ए!"

ती दारात येऊन उभी राहिली. "ए नाही, बाबा. मला नाव आहे. नावाने हाक मारा, लगेच चहा आणते."

साहेबांनी तोंड उघडलं. विनाशिकेच्या एकेका तोफेचं वजन तोंडपाठ असलेला माणूस! तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी कोचावर बसलेल्या मुलाकडे बघितलं, परीक्षेत पोरं शेजारच्याच्या पेपरात बघतात तसं.

"मी नाही सांगणार, बाबा," मुलगा म्हणाला.

सून दारातच उभी राहिली. आत चहा उकळून उकळून काळा होत होता.