वाटेत अडलेली धारा

मित्रांनो, तेलंगणातल्या गुडीहत्नूरजवळच्या एका मराठी शाळेत राहणारा मी एक जुना अ‍ॅमीटर. तारेतून किती वीज वाहते, म्हणजे धारा किती, ते मोजणं, हे माझं काम. माझ्या पोटात लोहचुंबक आहे आणि त्याच्या मिठीत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. कारखान्यात पहिल्यांदा वीज माझ्यातून गेली, तेव्हा झोक्याला कुणी हळूच हात लावावा तसा माझा काटा हलला. ते सुख मी अजून विसरलो नाही.

कितीतरी वर्षं मुलं माझ्या काचेवर नाक टेकवून आकडा वाचायची. मग प्रयोग बंद पडले, फळ्यावरची गणितंच उरली. मी कपाटात पडून राहिलो. हायवेवरून ट्रक गेला की कपाट थरथरे, काटा किंचित हले आणि अर्धवट झोपेत मला वाटे, वीजच आली!

यंदा नव्या अश्विनीबाईंनी मला बाहेर काढलं. चंदा नावाच्या मुलीनं आधी ओहमच्या नियमानं गणित केलं. बॅटरी सहा व्होल्टची, विजेला अडवणारा रोध दहा ओहमचा. सहाला दहानं भागलं; धारा आली पॉइंट सहा अँपिअर. मग जोडणी करून बटण दाबलं. माझा काटा पॉइंट चारवरच थांबला.

"मीटर बिघडलंय," बाई म्हणाल्या. "भंगारात देऊन टाकू."

ओरडायला मला तोंड कुठलं?

चंदा वाकून माझ्याकडे बघत राहिली. "बाई, याले खोटं काऊन म्हणता? माझं गणितबी बरोबर हाये, अन् हाबी बरोबर सांगून राह्यला असंन."

"दोन्ही बरोबर कसं गं?"

"सहाले पॉइंट चारनं भागलं तं पंधरा येते. आपण रोध लावला दहाचा. मंग वरचे पाच ओहम कुठून आले? वाटेत कायतरी धारेले अडवून राह्यलं."

बाईंनी जोडणीकडे बोट केलं. "शोध बरं," म्हणाल्या.

कापूस वेचून ओरखडलेल्या बोटांनी चंदानं एकेक जोड चाचपला. बॅटरीकडच्या तारेच्या टोकावर हिरवा गंज चढला होता. तिनं तो घासून काढला, टोक घट्ट आवळलं, बटण दाबलं. मित्रांनो, अडलेली धारा माझ्यात शिरली आणि माझा काटा तरंगत तरंगत पॉइंट सहावर गेला!

"खरं सांगत होता बिचारा," बाई म्हणाल्या आणि ओढणीनं त्यांनी माझी काच पुसली.

आता मी टेबलावरच असतो. एवढंच मागणं आहे, आमच्यासारख्यानं कमी आकडा दाखवला तर लगेच फेकू नका. आधी गणित मांडा, मग जोड तपासा. कुठेतरी अडलंय, तेवढंच आम्ही सांगत असतो.