चैत्राच्या पानावरची लाल शाई

मी एक जुनी डायरी आहे मित्रांनो, आणि तीही फुकट वाटलेली. अकोल्याच्या एका बियाण्यांच्या दुकानाने मला दिवाळीत गिऱ्हाइकाच्या हातावर टेकवलं, आणि हात बदलत बदलत मी जठारपेठेत सत्यभामाबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन पडले.

बाई हायकू लिहायच्या. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं. पोळ्या लाटता लाटता बोटांवर अक्षरं मोजायच्या आणि तशाच हाताने लिहायच्या, म्हणून माझी निम्मी पानं कणकेने खरखरीत झाली आहेत. वर्ष संपलं तरी त्यांनी मला टाकलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याच तारखेच्या पानावर, आधीच्या हायकूखाली नवा हायकू. पळस कधी फुलला, ओला हरभरा कधी आला, कोणत्या साली संक्रांतीलाच घाम फुटला, विचारा मला! मला त्याचा गर्व होता, कबूल करते.

त्या वाचून दाखवायच्या फक्त भांडी घासणाऱ्या पार्वताबाईंना. त्याही भीड ठेवत नसत. नाही आवडलं की तोंडावर सांगत.

एका चैत्रात बाईंचे यजमान, गोपाळकृष्ण वकील, अंथरुणाला खिळले होते. उकाड्याने जीव नकोसा झालेला. बाईंनी आणि पार्वताबाईंनी मिळून कूलरमध्ये नवं गवत भरलं. पहिली गार झुळूक आली तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, वास छान येतो. ते त्यांचं शेवटचं धड बोलणं. बाईंनी त्या तारखेला लिहिलं:

कूलरमध्ये
नवं गवत ओलं
चैत्राचा वास

आठ वर्षांनी त्यांचा मुलगा यशोधन मला अमरावतीला घेऊन गेला. राजापेठेत त्याचे मराठीचे क्लासेस. आईच्या पासष्टीला तिचं पुस्तक काढायचं त्याने ठरवलं होतं. माझे पांग फिटले असं वाटलं मला, काय सांगू! पण जन्मभर पेपर तपासलेला माणूस. लाल पेन हातात घेतल्याशिवाय त्याला वाचताच येत नाही. माझ्या चैत्राच्या पानावर त्याने शेरा मारला, ‘ऋतू कुठे आहे?’ आणि पुस्तकात छापलं:

कोकिळेसवे
वसंत बहरला
फुलांचा वास

प्रकाशनाच्या समारंभात त्याने मला बाईंकडे परत दिलं आणि पुस्तकातून नेमका तोच त्यांना वाचायला लावला. त्यांनी वाचला. टाळ्या पडल्या. परतताना गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, “कूलर का काढलास रे?”

“आई, कूलरवर कविता असते का कुठे? लोक हसले असते.”

मी त्यांच्या पिशवीत तडफडत होते. सांगा ना बाई, सांगा त्याला! पण वडील गेले तेव्हा तो परीक्षेच्या बॅचमध्ये अडकला होता, हे त्याला ऐकवणं त्यांच्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकातून पार्वताबाईंना वाचून दाखवलं. पार्वताबाईंचा हात थांबला.

“हे तुमचं नाई, काकू. कोकिळा कुठी होती त्या दिवशी? आपन तं गवत भरून राह्यलो होतो.”

त्या दिवसापासून बाईंनी मला उघडलं नाही. यशोधनच्या कौतुकाला मात्र खळ नाही. पुस्तक संपलं, दुसरी आवृत्ती काढायची म्हणून त्याने नवे हायकू मागितले.

“मला कुठे जमतं तुझ्यासारखं,” बाई म्हणाल्या. “तूच लिही.”

आणि त्या गुणी मुलाने खरंच लिहिले! क्लासच्या एसीत बसून, एका दुपारी, बारा महिन्यांचे बारा. छापले आईच्या नावावर.

मित्रांनो, जुन्या वह्या जपा असं मी सांगणार नाही. मला जपलंय की, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. तुमच्या घरात कुणी चार ओळी लिहीत असेल तर सुधारायच्या आधी एकदा शेजारी बसून विचारा, हे कोणत्या दिवशी लिहिलंस? बाई सांगणार होत्या. आठ वर्षं त्या कुणी विचारायची वाट पाहत होत्या.