मोटारीला मिळालेला अर्थ

फाटकाबाहेर इतकी गर्दी होती की मोटार दिसतच नव्हती. दिसत होते ते बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर दाबून ठेवलेले दोन गुबगुबीत तळहात.

"फिरव किल्ली, माय!" स्पर्शबाबा गरजले.

मावशीने किल्ली फिरवली आणि काका गेल्यापासून मुकी उभी असलेली त्यांची जुनी मोटार धडधडत जागी झाली. लोकांनी हात जोडले. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे प्रोफेसर! बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला. बाबांनी नुसता हात लावला."

हे खरे होते. पदार्थविज्ञान शिकवणारा मी या चमत्काराचा प्रमुख सहनिर्माता होतो. "आता ही ब्रह्मदेवालाही सुरू होणार नाही," असे मी चारचौघांत जाहीर केले नसते, तर बाबांना बोलावण्याचे कुणाला सुचलेही नसते.

"बाळ," बाबा मला म्हणाले, "तू नवं नवं बसवत गेलास. पण या गाडीत अर्थच उरला नव्हता. मी तो दिला."

लोक गहिवरले. मी मनात जीवनाच्या अर्थाविषयी एक खणखणीत खंडन रचू लागलो. तेवढ्यात बाबा मावशीकडे वळले. "लोखंडाचं काळीज चालू लागलं, मग तुझं का नाही चालणार? टाक त्या गोळ्या."

मावशीने हृदयाच्या गोळ्यांची डबी मुकाट्याने त्यांच्या झोळीत टाकली.

"मावशी, अगं डॉक्टरांना विचार तरी!"

"तूही शिकलेलाच ना रे? एवढं सगळं बदलून काय दिवे लावलेस?"

दिवे! मोटारीचे दिवे तर पहिल्यापासून लख्ख लागत होते. सेल्फ मारला की मात्र नुसते 'टक'. म्हणजे बॅटरीपासून बॉडीपर्यंतचा विजेचा मार्ग शाबूत होता, तिथून इंजिनापर्यंतचा तुटला होता. आणि बॉडीला इंजिनाशी जोडणारी एक धातूची पट्टी असते; या अर्थिंगच्या पट्टीला गॅरेजमध्ये म्हणतात 'अर्थ'. बाबांनी निदान जाहीरपणे सांगितले होते. मला ते अध्यात्म वाटले.

"बाबा, हात बाजूला घ्या. मावशी, बंद करून पुन्हा चालू कर."

टक.

त्या पट्टीऐवजी मी जंपर केबलच्या जाड तारेचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाला लावले. "फिरव." मोटार सुरू झाली.

"माझी शक्ती अजून रेंगाळते आहे," बाबा म्हणाले.

"रेंगाळू दे. मी केबल काढतो."

मोटार बंद करून किल्ली पुन्हा फिरवली. टक. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसले.

मी ओणवा होऊन काजळी पुसली. पट्टी तुटलेली होती. दोन्ही टोके एकमेकांपासून बोटभर दूर. शेजारचे अगडबंब शिंपीकाका बॉनेटच्या त्याच कोपऱ्यावर रेलले, बॉडी खाली दबली, टोके भिडली, मावशीने किल्ली फिरवली आणि मोटार सुरू झाली. त्यांना मात्र कुणी हात जोडले नाहीत.

"बाबा, पूर्वाश्रमी टॅक्सी चालवत होतात का?" मी विचारले.

बाबा झोळी आवरू लागले. मावशीने आधी त्यातून डबी काढून घेतली.

"मग माझ्या छातीतली कुठली पट्टी तुटली आहे, ते सांग," ती मला म्हणाली.

"ते मला कळत नाही. मोटारीच्या बाबतीतही मी दोनदा चुकलो. पण चुकलो, की ती तोंडावर 'टक' म्हणत होती. डॉक्टर तपासतात, मोजतात, चुकलं तर औषध बदलतात. बाबांचं चुकलं तर ते सांगायला तू उरणार नाहीस."

वाचकहो, चमत्काराला नमस्कार जरूर करावा. फक्त त्याआधी चमत्कार करणाऱ्याला थोडे दूर उभे करून तोच प्रयोग पुन्हा करून पाहावा. आणि आमच्यासारख्या पदवीधरांनाही त्यातून सूट देऊ नये.

मावशी डबीकडे पाहत होती. "सकाळची गोळीही बाबांनी आल्या आल्या घेऊ दिली नव्हती. आता घेतली तर चालेल?"

मी तोंड उघडले.

"तू नको," ती म्हणाली. "डॉक्टरांना फोन लाव."