सात बाकांची नळी

"ही नळी आहे की गांडूळ?"

नव्या साहेबाने ती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. सगळे हसले. साहेब हसवतो तेव्हा हसायचं असतं, नोकरीच्या अटींमध्ये ते लिहिलेलं नसलं तरी.

टेबलावर हिरवं कापड अंथरलं होतं आणि त्यावर फ्रिजचा एक कॉम्प्रेसर सुटासुटा करून मांडला होता. प्रत्येक भागाखाली किमतीची चिठ्ठी. भोवती आठ माणसं, मढ्याभोवती बसावीत तशी. ज्याला जे महाग वाटेल ते त्याने उचलायचं आणि स्वस्त कसं करायचं ते सांगायचं, असा हुकूम होता.

"किती बाक आहेत हिला?"

"सात," वजाबाकी म्हणाला.

"सात कशाला?"

"लागतात."

सगळ्यांनी माना वळवल्या. असल्या प्रश्नाला वजाबाकीने एका शब्दात उत्तर द्यावं, हे नवलच होतं.

वजाबाकी हे त्याचं टोपणनाव. अठ्ठावीस वर्षं तो ड्रॉइंग खात्यात होता आणि अठ्ठावीस वर्षं त्याने फक्त कमी केलं होतं. झाकणाचे सहा स्क्रू होते, त्याने चार केले. पिस्टनचा दांडा ओतीव लोखंडाचा होता, तो त्याने दाबलेल्या धातूच्या भुकटीचा केला आणि दोन भोकं पाडायचं काम वाचवलं. पत्र्याची जाडी तर त्याने इतकी खरवडली, की कॅन्टीनमध्ये लोक म्हणायचे, "ह्याला देवाने माणूस काढायला बसवला असता, तर ह्याने एकच कान ठेवला असता. दुसरा कशाला? ऐकू तर येतंय!" त्या वाचवलेल्या पत्र्यावर तीन साहेब मोठे होऊन गेले. वजाबाकी आपल्या खुर्चीवरच राहिला.

"टिकायला सात लागतात?" साहेबाने विचारलं.

"पंप आत स्प्रिंगवर बसलेला असतो. सुरू होताना झटका खातो, बंद होताना हेलपाटतो. नळीचं एक टोक पंपाला, दुसरं बाहेरच्या कवचाला. सरळ नळी आठवड्यात तुटेल. बाक असले की ती पंपाबरोबर डुलते."

"डुलायला चार पुरत नाहीत? चार असले तर मशीन वाकवेल. सात आहेत म्हणून हातानं करावी लागते. एका बाईसाठी एक अख्खं टेबल आहे खाली! पंधरा दिवसांत मला चार करून दाखवा. नाही जमलं तर का जमलं नाही, ते लिहून द्या."

बैठक संपली. वजाबाकीने ती नळी कापडावर जिथली तिथे ठेवली आणि तिचं तोंड उगाचच सरळ केलं.

*

खालच्या टेबलावरच्या त्या बाईला सगळे नळीबाई म्हणत. पंचेचाळिशीची, अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ. नवरा जहाजावर नोकरीला गेला आणि कुठल्याशा बंदरात दुसरं घर थाटून बसला. जाताना आपली आई मागे ठेवून गेला. पोराने टाकलेल्या त्या म्हातारीला ही बाई सांभाळत होती, आणि त्याबद्दल कुणी कौतुक करायला लागलं तर कामाला लागत होती.

नळी गुंडाळीने येते. प्रत्येक गुंडाळीचा स्वभाव वेगळा. वाकवली की ती हट्टाने जराशी मागे येते. किती मागे येईल ते कागदावर सांगता येत नाही. पाच बाक साच्यावर होत, शेवटचे दोन नळीबाई अंगठ्याने देत असे. मागे येणार तेवढं तिचा अंगठा आधीच पुढे जाई.

अकरा वर्षांपूर्वी वजाबाकीने एक नियम लिहून मंजूर करून घेतला होता: नवी गुंडाळी लागली की तिची पहिली नळी डिझाइन खात्याने जागेवर येऊन तपासावी व सही करावी. हा नियम कशासाठी, ते तपासणी खात्याला कधीच कळलं नाही. साधं मापाचं काम, कुणीही केलं असतं. पण नियम होता, आणि कारखान्यात एकदा लिहिलेलं पुसायला कुणाला वेळ नसतो. आठवड्याला दोन गुंडाळ्या लागत. दोनदा दहा मिनिटं. जन्मभर काटछाट केलेल्या माणसाची चैन ती एवढीच.

"आज कशी आहे?" तो नळी हातात घेऊन विचारी.

"आडमुठी. तुमच्यासारखी."

"मी कुठे आडमुठा?"

"मग हसा की जरा. माप घेताय, मयताला आल्यासारखं तोंड कशाला?"

तो हसे. माप घेई, सही करी आणि जिन्याने वर जाई. इतकंच. अकरा वर्षांत त्याने तिला कधी चहा विचारला नाही. घरी थोरली बहीण होती, विधवा, त्याला रांधून घालणारी. तिला सगळं ठाऊक होतं. शहाण्या बहिणींना सांगावं लागत नाही.

आणि वजाबाकीच्या कपाटात, शर्टांच्या घडीमागे, चार बाकांची एक नळी होती.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याला ती सुचली होती. घरच्या शेगडीवर वाकवून त्याने ती दुसऱ्याच मॉडेलच्या नावाखाली चाचणीच्या खोलीत लावली. चार लाख वेळा पंप सुरू झाला, बंद झाला. नळी तुटली नाही. त्याने ती काढून आणली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. ज्याने अर्धा मिलिमीटर कुणाला सोडला नाही, त्या माणसाने अख्खे तीन बाक चोरून ठेवले होते.

"चार केलेस तर ती जाईल का रे?" बैठकीच्या संध्याकाळी बहिणीने विचारलं.

"टेबल बंद होईल. दुसऱ्या कारखान्यात मशीनवर पाठवतील. आठ तासांवर आहे तो."

"मग?"

"मग काय. जमत नाही म्हणून लिहून देतो."

"खोटं लिहिणार?"

त्याने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"अरे शहाण्या, खोटा रिपोर्ट लिहायची हिंमत आहे, आणि बाईला एक वाक्य विचारायची नाही? धन्य आहे तुझी!" तिने ताट त्याच्यापुढे जरा जोरातच आपटलं.

त्याने लिहून दिलं. 'चार बाकांची नळी चाचणीत टिकत नाही.' खाली सही.

*

साहेब मूर्ख नव्हता, हीच पंचाईत. त्याने रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "चला खाली."

टेबलाशी नळीबाई काम करत होती. साहेबाने तिच्याकडे पाहिलंही नाही. भोवतीच्या पाचपन्नास लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात तो वजाबाकीला म्हणाला, "कुठे तुटली, ते चाचणीच्या नोंदीत नाही. कधी लावली तेही नाही. मला वाटतं तुम्ही लावलीच नाही. अठ्ठावीस वर्षांनंतर तुम्हाला तीन बाक कमी करता येत नसतील, तर ह्या खुर्चीत एखादा नवा पोरगा काय वाईट?"

वजाबाकीचे कान लाल झाले. आजूबाजूच्या यंत्रांवरचे हात थांबले. लोकांना दुसऱ्याचा अपमान ऐकायला यंत्र थांबवायची सवलत कुणी देत नाही. ती ते आपणच घेतात.

"साहेब, जरा सरका," नळीबाई म्हणाली.

तिने साचा सोडवून बाजूला ठेवला. ताजी नळी घेतली. एक बाक दिला, मोठा, सैल. मग दुसरा. तिसऱ्याला मनगट उलटं फिरवलं. चौथा अंगठ्याने. अर्धं मिनिटही लागलं नाही. नळी तिने साहेबाच्या हातात दिली.

"ही टिकेल. लावून बघा."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ह्यांनीच. ड्रॉइंग ह्यांचंच आहे. त्यांना अजून एकदा चाचणी घ्यायची होती, खात्री झाल्याशिवाय हो म्हणत नाहीत ते. म्हणून तसं लिहिलं असेल."

साहेबाने नळी उलटसुलट करून पाहिली. खूश झाला. खूश झालेला साहेब खोलात जात नाही. वजाबाकीच्या पाठीवर थाप मारून तो वर निघून गेला.

वजाबाकी त्या जागीच उभा राहिला. ती त्याच्या कपाटातलीच नळी होती, बाकाला बाक. त्याने ती तिला कधी दाखवली नव्हती. आणि तिचा हात कुठेही अडखळला नव्हता. पहिल्यांदा करणारा हात असा चालत नाही.

"कधीपासून येते तुम्हाला?" त्याने विचारलं.

"हे सहावं वर्ष."

"बोलला नाहीत."

"बोलले असते तर टेबल गेलं असतं." तिने हात फडक्याला पुसले. "तुम्हाला कधीपासून?"

"तीन वर्षं."

"मग तीन मी एकटीनेच ओढली म्हणायची," ती म्हणाली आणि थोडीशी हसली.

"आज मग का केलंत?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो. कान बघा आरशात. तुमचं नाव असं सगळ्यांसमोर धुळीत गेलेलं मला बघवलं नसतं."

इथे माणसाने तोंड उघडायचं असतं. एवढ्यावरही ज्याचं तोंड उघडत नाही त्याला काय म्हणावं? यंत्रं परत सुरू झाली होती, कुणी बघत नव्हतं, ती समोर उभी होती.

"मापं बरोबर होती," वजाबाकी म्हणाला.

तिने मान हलवली आणि साचा परत बसवायला घेतला.

*

चाचणी पार पडली. दीड महिन्याने टेबल उचललं गेलं. नळीबाईला मशीनवर बदली किंवा हिशेब चुकता करून घरी, असे दोन कागद दिले. तिने बदलीचा घेतला. बक्षीस म्हणून वजाबाकीला काचेची एक ढाल मिळाली.

ती निघाली त्या सकाळी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बस स्टँडवर पोचला तेव्हा ती सामान चढवत होती. त्याने तिच्या हातातली ट्रंक घेतली, आत चढला आणि वरच्या फळीवर ढकलली. तिघांचं बाक होतं. खिडकीशी म्हातारी, मध्ये नळीबाई, कडेच्या जागेवर तिची पिशवी.

येताना रस्ताभर त्याने एक वाक्य तयार केलं होतं. ठोकूनठाकून, कमी करत करत चार शब्दांवर आणलं होतं. त्याहून कमी होत नव्हतं.

"हे कोण गं?" म्हातारीने विचारलं. तिला ऐकू कमी येई, म्हणून ती मोठ्याने बोले.

नळीबाईने वजाबाकीकडे पाहिलं. मुद्दामच उत्तर दिलं नाही. त्याचं त्याने द्यावं म्हणून थांबली. एक बाई मुलाला खिडकीतून बिस्किटं देत होती. मागे कुणीतरी सुट्टे पैसे मागत होतं.

"मी," वजाबाकी मोठ्याने म्हणाला, म्हातारीला ऐकू जावं म्हणून, "मी नळ्या तपासायला येतो."

अर्ध्या बसने वळून पाहिलं.

"काय करायला?"

"कामावरचे आहेत, आई," नळीबाई म्हणाली.

"मग उभे कशाला? बसायला सांग की."

कंडक्टरने घंटी मारली. "उतरणारे उतरा हो!" वजाबाकी गडबडीने मागे सरला, कुणाच्या तरी पायावर पाय दिला, माफी मागितली आणि खाली उतरला. बस हलली. त्याने खिडकीतून आत पाहिलं.

म्हातारी काहीतरी बोलत होती. नळीबाई समोर बघत होती. तिने कडेच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली होती. बस स्टँडच्या फाटकातून वळून दिसेनाशी होईपर्यंत ती पिशवी तिने खाली ठेवली नाही.