चौथ्या मजल्यावरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पुरुषभर उंच, रुंद लाकडी चौकटीचा आणि स्वभावाने जरा दुष्ट. लोकांची फजिती बघण्यात आयुष्य गेल्यामुळे गोड बोलायची सवय मला उरलेली नाही.

मला घडवणाऱ्या कारागिराने चौकटीत जीव ओतला, पण पाठीला स्वस्तातला प्लाय ठोकला. "पाठ कोण बघतंय?" असे तो म्हणाला होता. पुढे मी कपड्यांच्या दुकानात लागलो. गिऱ्हाइके माझ्यासमोर पोट आत घ्यायची आणि श्वास सुटायच्या आत पैसे देऊन मोकळी व्हायची. माझे फार कौतुक होते तिथे. मग दुकान बसले आणि घरांच्या एका एजंटने मला भंगाराच्या भावात उचलले.

एजंट हुशार माणूस. विकाऊ घरातली जी भिंत खराब असेल, तिच्यावर तो मला टांगायचा. खोली मोठी दिसायची आणि ओल दिसायची नाही. चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये वरच्या बाथरूमची नळी भिंतीत झिरपत होती. एजंटने भिंत खरवडली, रंगाचा हात फिरवला आणि वर मला लावले. तिथे घर बघायला टेलरताई आली, नवऱ्याला घेऊन.

टेलरताई पक्की बाई होती. "मी कापडसुद्धा उलटं करून बघितल्याशिवाय घेत नाही," असे तिने दारातच एजंटला सुनावले. सगळे नळ सोडून पाहिले, खिडक्या आपटून पाहिल्या, गळ्यातल्या टेपने खोल्या मोजल्या, शेजारणीला भाडे विचारले. नवरा बस चालवायचा. तो बिचारा कोपऱ्यात उभा होता.

"अगं, पण राहतं घर गहाण टाकायचं म्हणजे..." तो म्हणाला.

"टाकायचंय, विकायचं नाहीये. हे भाड्याने देऊ. भाड्यातूनच हप्ता जाईल, आपल्या खिशाला झळ नाही. कर्ज फिटलं की दोन घरं आपली."

मला हसू आवरेना. कपडा पुढे उसवून वाढवता यावा म्हणून टेलर शिवणीत माया सोडतो ना, तशी ही बाई आयुष्यभर सोडत आली होती. पण या हिशेबात तिने बोटभरही माया सोडली नाही. घर कधी रिकामे राहील, काही फुटेल, दुरुस्ती निघेल, यातले काहीच तिने धरले नव्हते.

मग तिला मी दिसलो. तिच्या दुकानातल्या आरशात गिऱ्हाईक कमरेपर्यंतच दिसायचे. ती माझ्यासमोर उभी राहिली, वळली, पुन्हा वळली.

"हा आरसा ठेवणार असाल तर पुढचं बोलू," ती म्हणाली.

एजंटने असा चेहरा पाडला की मीच थक्क झालो. "ताई, वडिलांची आठवण आहे हो ती." बराच वेळ आढेवेढे घेऊन तो कबूल झाला. टेलरताई इतकी हुरळून गेली की घराच्या किमतीत घासाघीस करायचे विसरूनच गेली.

काही दिवसांनी बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला आला. त्याला पुढे आणखी घरे बघायची होती, तरी त्याने विचारले, "हा आरसा जरा उतरवून बघू का?"

"नको हो!" टेलरताई मध्ये पडली. "माझा आहे तो आता. फुटला म्हणजे?"

एजंट खिडकीबाहेर बघत राहिला. बँकेच्या माणसाने खांदे उडवले आणि तो गेला.

व्यवहार पुरा झाला. चाव्या मिळाल्या त्याच दिवशी नवरा-बायको मला दुकानात न्यायला आली. त्यांनी मला उचलले आणि माझ्या पाठीला चिकटून भिंतीचे पोपडे खाली आले. आत सगळी काळीहिरवी बुरशी. टेलरताईने भिंतीवरून हात फिरवला आणि ती वळली. मी भिंतीला टेकून तिच्यासमोरच उभा होतो. चेहरे मी खूप पाहिले, पण इतका झटकन उतरलेला पाहिला नव्हता. मजा आली, खोटे कशाला बोलू?

तिने एजंटला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आरसा उतरवू नका असं तुम्हीच तर म्हणालात."

वरच्या मालकाने आपले बाथरूम फोडायला साफ नकार दिला. पहिला भाडेकरू कपड्यांना बुरशी लागली म्हणून दुसऱ्याच महिन्यात गेला, पुढचा वास घेऊनच परतला. भाडे थांबले, हप्ता थांबला नाही. शेवटी राहते घर विकावे लागले, त्याच्यासोबत त्यातलेच रस्त्याकडेचे दुकानही गेले. शिलाई मशीन चौथ्या मजल्यावर आले. गिऱ्हाइके एवढे जिने चढेनात. नवरा रात्रभर खोकायचा. मला दुकानात न्यायचे राहूनच गेले होते; दिवाणखान्यात उभ्या असलेल्या माझ्या पाऱ्यावरही ओलीने काळे डाग पडले, ते कुणी पाहिले नाहीत.

मग एके सकाळी टेलरताईने भिंत खरवडली. रंगाचा हात फिरवला. मला टांगले.

एक तरुण नर्स घर बघायला आली. पहिलीच कमाई साठवलेली, बाकी कर्ज. तिनेही नळ सोडून पाहिले. "भाड्यातूनच हप्ता जाईल," ती हसून म्हणाली. टेलरताईचा चहाचा कप ओठांशीच थांबला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिले. ती बोलेल, असे मला क्षणभर वाटले.

तेवढ्यात नर्स माझ्यासमोर आली. "किती छान आहे! ठेवाल का हो हा? मागून बघू जरा, कशावर टांगलाय?"

टेलरताईने कप खाली ठेवला.

"तुलाच ठेवते गं, बाळा," ती म्हणाली. "पण आत्ता हात लावू नकोस. फुटेल."

मित्रांनो, जुन्या आरशांची निगा राखा. आमच्या काचा तुम्ही रोज पुसता, पण ओल आम्हाला पाठीकडून लागते. तेव्हा अधूनमधून आम्हाला भिंतीवरून उतरवा आणि पाठीला ऊन दाखवा. आणि शक्य असेल तर, पैसे देण्याआधी.